रंगाखालचा पत्रा

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली एक जुनी प्रीमियर पद्मिनी बदलापूरला कोणाच्या अंगणात उभी आहे असे समजा. घरच्या मंडळींनी तिला घरीच रंग द्यायचे ठरवले आहे. छटा कोणती, यावर वाद चालतो. पण रंग किती वर्षे टिकणार हे छटेवर नव्हे, तर खालचा पत्रा कसा तयार केला यावर ठरते.

गाडी प्रथम साबणाच्या पाण्याने धुवावी आणि दारांच्या तळाची बारीक छिद्रे तारेने मोकळी करावीत. २००५ व २०१९ च्या जुलैत उल्हास नदीचे पाणी बदलापुरात शिरले होते. अशा पाण्यातला गाळ छिद्रांत बसला की दारात पाणी साचते आणि पत्रा आतून गंजतो.

यानंतर तेलकटपणा घालवायचा, तोही घासण्यापूर्वी. नाहीतर घासताना तेल ओरखड्यांत दडपले जाते. एक प्रयोग करून पाहा. स्टीलचे ताट साबणाने स्वच्छ धुवा व त्यावर पाणी ओता. पाण्याचा अखंड पातळ थर पसरेल. आता खोबरेल तेलाचे बोट ताटावर फिरवून पुन्हा पाणी ओता. थर फाटून थेंब होतील. तेलाला चिकटण्यापेक्षा पाण्याचे रेणू एकमेकांनाच धरून राहतात. उघड्या केलेल्या पत्र्यावर पाणी असे फाटले, तर तेथे रंगही नीट धरणार नाही.

आता गंज. लोखंडाचा गंज झाला की त्याचे आकारमान दुपटीहून अधिक होते. म्हणून गंजावरच लांबी भरली, तर आतला गंज वाढत जाऊन ती उचलून टाकतो. मी स्वतः एकदा घाईने तसे केले होते. पुढच्याच पावसाळ्यात चाकावरच्या पत्र्याला फोड आले. गंज तारेच्या ब्रशाने व घासकागदाने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत काढावा. खड्ड्यांत उरलेल्या गंजाला सौम्य फॉस्फोरिक आम्ल लावतात. त्याच्या क्रियेने लोहाचे फॉस्फेट बनते व ते पत्र्याला चिकटून राहते. कोला पेयांतही हे आम्ल अल्प प्रमाणात असते. पण दुकानातले आम्ल त्याहून पुष्कळ तीव्र असते; ते मोठ्या माणसानेच, हातमोजे व चष्मा घालून वापरावे.

जुन्या रंगात शिसे असू शकते. घरगुती रंगांतील शिशावर भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून मर्यादा आली, दशलक्ष भागांत ९० भाग. मोटारीचा जुना रंग त्या नियमाबाहेरचा. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला फार घातक, म्हणून कोरडे घासू नये. पाण्याचा पेपर वापरून ओलेच घासावे आणि मुलांना दूर ठेवावे. उरलेला गाळ गटारात ओतू नये. अंबरनाथ-उल्हासनगरची गटारे वालधुनीला मिळतात, आणि त्या नदीने आधीच पुष्कळ सोसले आहे. गाळ बसू द्यावा व कापडात गोळा करावा.

येथे एक अडचण येते. ओला उघडा पत्रा काही तासांतच तांबूस होऊ लागतो! तेव्हा घासलेला भाग लगेच पुसून, उन्हात पुरता वाळवून त्याच दिवशी अस्तर द्यावे. हे काम जूनपूर्वी उरकावे असे कारागीर सांगतात, त्यालाही शास्त्रीय कारण आहे. थिनर उडून जाताना पृष्ठभागाची उष्णता घेतो. पृष्ठभाग थंड झाला की दमट हवेतली वाफ त्यावर जमते आणि थर पांढुरका पडतो. अस्तराचा थर सच्छिद्रही असतो. नुसते अस्तर मारून गाडी पावसात उभी ठेवली, तर पाणी त्यातून पत्र्यापर्यंत पोचते आणि सारे घासकाम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.