संभाषणाची पारख

मुलांनो, दुसरी भाषा वाचता येणे निराळे आणि तीत संभाषण करता येणे निराळे.

एकदा मी हिंदीची तोंडी परीक्षा घेत होतो. एका मुलाने पाठ केलेली उत्तरे घडाघडा म्हणून दाखविली. दुसरा अडखळला, पण प्रश्न न कळताच तो नम्रपणे म्हणाला, "कृपया फिर से कहिए," आणि मग त्याने स्वतःच्या शब्दांत उत्तर दिले. मी पहिल्याला अधिक गुण दिले. ती माझी चूक होती. पाठांतर एकट्याला करता येते. संभाषणास दोघे लागतात.

इंग्रजीच्या आयईएलटीएस या परीक्षेत परीक्षक उमेदवाराशी ११ ते १४ मिनिटे बोलतो. आधी घर, गाव, आवडी यांविषयी साधे प्रश्न; मग दिलेल्या विषयावर १ मिनिट विचार करून छोटेसे भाषण; शेवटी त्याच विषयाला धरून चर्चा. बोलण्याचा ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार या ४ कसोट्यांना सारखेच महत्त्व असते. चर्चेत पुढचा प्रश्न आपल्याच उत्तरातून निघू शकतो. तेथे पाठांतर काय कामाचे?

म्हणून अडखळण्याची लाज बाळगू नका. न समजल्यास पुन्हा विचारा.

स्वाध्याय
१. लेखकाची चूक कोणती?
२. मित्राशी २ मिनिटे हिंदीत बोला व वरील कसोट्यांवर एकमेकांची पारख करा.