मनातला घाव आणि हातातला मोबाइल

मुलांनो, अंधेरी पूर्वेला महाकाली लेणी आहेत. तुमच्यापैकी काहींनी ती पाहिली असतील. ऑगस्ट २०२१ मध्ये याच परिसरात पोलिसांना जोगेश्वरीचा एक १६ वर्षांचा मुलगा सापडला. 'पबजी' या मोबाइलवरच्या खेळापायी त्याने आईच्या बँक खात्यातले सुमारे १० लाख रुपये घालवले होते. आईवडील रागावले, तेव्हा चिठ्ठी लिहून तो घरातून निघून गेला. पोलिसांनी त्याची समजूत घातली व त्याला घरी पोहोचवले.

सगळे त्या १० लाखांविषयी बोलतात. मला ती चिठ्ठी महत्त्वाची वाटते. समोर बसून बोलण्यापेक्षा घर सोडणे त्याला सोपे वाटले असावे.

जी सवय सोडावीशी वाटूनही सुटत नाही, तिला व्यसन म्हणतात. तुम्ही घरी तिला 'लत' म्हणता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली अशा खेळाच्या व्यसनाला आजारांच्या यादीत स्थान दिले. तासभर खेळणारा प्रत्येक मुलगा काही आजारी नसतो! पण झोप, अभ्यास, दोस्त सारे सुटत जाते, नुकसान दिसूनही खेळ थांबत नाही आणि असे महिनोन्‌महिने चालते, तेव्हा तो आजार समजावा.

याचे मूळ कधी कधी खेळात नसतेच. घरातली मारहाण, जवळच्या माणसाचा मृत्यू यांमुळे लहान मनाला बसणाऱ्या धक्क्याला आघात म्हणतात, उर्दूत 'सदमा'. अमेरिकेतील डॉ. फेलिटी व डॉ. अँडा यांचा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. बालपणी ज्यांनी असे आघात अधिक सोसले, त्यांच्यात दारू-सिगारेटचे व्यसन अधिक आढळले. त्यात इंटरनेटचा विचार नव्हता. तरी आपल्या चाळीतली एक खोली डोळ्यांसमोर आणा. अम्मी-अब्बूंचे भांडण ऐकू येऊ नये म्हणून एक मुलगी कानात इअरफोन घालून रात्रभर व्हिडिओ पाहते. तिचा फोन काढून घेतला, तर भांडण तेवढे पुन्हा ऐकू येऊ लागेल.

अशी मैत्रीण तुमच्या बाकावर असेल, तर "किती वेळ मोबाइल पाहतेस?" असे आधी विचारू नका. "घरी कसे चालले आहे?" असे विचारा. ती बोलली, तर तिच्यासोबत एखाद्या विश्वासू शिक्षिकेकडे जा. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. ही सेवा १९९६ साली आपल्या मुंबईतच सुरू झाली. मनाच्या त्रासासाठी १४४१६ हा सरकारी क्रमांकही आहे. दोन्ही चोवीस तास चालतात. "माझ्या घरी रोज भांडण होते," एवढ्या एका वाक्याने बोलणे सुरू करता येते.