साडेतेरा सेंटिमीटर

इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या किटमधली स्टीलची पट्टी फर्स्ट इयरनंतर माझ्याकडे नुसतीच पडून होती. गेल्या वर्षी ती एकदाच बाहेर निघाली, पापलेट मोजायला.

रविवारी रात्री मेस बंद. मी शहापूरच्या बाजारातून अर्धा किलो छोटी पापलेटं घेऊन आलो. स्वस्त मिळाली म्हणून स्वारी खूश. (शेगडी कुठून आली हे विचारू नये. रेक्टर सर हे पान वाचणार नाहीत अशी आशा आहे.) माझा रूम पार्टनर सातपाटीचा, घरची बोट आहे. त्याने पिशवीत डोकावलं आणि म्हणाला, "अरे, ही पोरं कशाला आणलीस?" मला वाटलं चेष्टा करतोय. त्याने पट्टी काढायला लावली. सगळ्यात मोठं भरलं ११ सेंटिमीटर.

सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने ५४ जातींच्या माशांसाठी किमान कायदेशीर आकारमान ठरवलं. त्यात रुपेरी पापलेटला १३५ मिलिमीटर, बोंबलाला १८० मिलिमीटर. त्याच महिन्यात पापलेट राज्यमासा म्हणूनही जाहीर झाला. म्हणजे आमच्या पिशवीत राज्यमाशाची पिल्लं होती, एकदाही अंडी न घातलेली. पट्टीवर साडेतेराच्या खुणेजवळ बोट ठेवून तो गप्प बसला. मासे मात्र आम्ही खाल्ले. टाकून देणार कुठे?

त्यानंतर मला या विषयाचा नादच लागला. समुद्रात चोरटी मासेमारी कोण पकडतं, आणि कसं?

वाचता वाचता पलाऊ नावाचा देश सापडला. पॅसिफिक महासागरातली काही बेटं, लोकसंख्या जेमतेम १८,००० च्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. पण सागरी हद्द सुमारे ६ लाख चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट! २०१५ साली तिथे गस्तीला मोठी बोट एकच होती, ऑस्ट्रेलियाने दिलेली 'रेमेलीक'. त्या वर्षी जानेवारीत अमेरिकेत बसलेल्या एका विश्लेषकाने कॉम्प्युटरवर उपग्रहाचे सिग्नल बघताना एक तैवानी जहाज पलाऊच्या पाण्यात शिरलेलं ओळखलं आणि तिथल्या पोलिसांना कळवलं. रेमेलीक पाठलागावर गेली, जहाज पकडलं, आत शार्कचे पर सापडले. त्याच वर्षी जूनमध्ये पलाऊने व्हिएतनामच्या चार चोरट्या बोटी भर समुद्रात जाळल्या आणि खलाशांना मायदेशी धाडलं. पुढे हद्दीतला ८० टक्के समुद्र मासेमारीला बंद करण्याचा कायदा केला, तो १ जानेवारी २०२० पासून लागू झाला.

हे सिग्नल म्हणजे एआयएस. ई अँड टीसीवाल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. जहाजावरचा ट्रान्समीटर व्हीएचएफवर, १६२ मेगाहर्ट्झच्या आसपास, स्वतःचा नऊ आकडी क्रमांक, जागा, वेग आणि दिशा सतत सांगत राहतो. व्हीएचएफ जवळजवळ सरळ रेषेत जातं, त्यामुळे पृथ्वीची गोलाई आडवी येते. किनाऱ्यावरचा अँटेना ३६ मीटर उंच आणि बोटीवरचा ४ मीटर धरला, तर अंतर साधारण २.२ गुणिले ६ अधिक २, म्हणजे १८ सागरी मैलांच्या आतच. उपग्रहाला ही अडचण नाही. खरी अडचण वेगळीच आहे, ज्याला चोरी करायची तो बटण बंद करतो.

आता आपल्याकडे या. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, हे राज्याचं पाणी. पुढे २०० मैलांपर्यंत केंद्राचं. राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा, पण दंड इतका जुना की पकडले गेलो तरी परवडतं अशी परिस्थिती. २०२१ च्या दुरुस्तीने एलईडी दिवे लावून मासे गोळा करणाऱ्याला २० लाखांपर्यंत दंड आला. एलईडीवर केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातली होती. सिंधुदुर्गातले पारंपरिक मच्छिमार कर्नाटकातल्या मलपीहून येणाऱ्या हायस्पीड ट्रॉलर्सविरुद्ध किती वर्षं ओरडतायत, ते पेपरमध्ये आपण वाचतोच.

पण दंड वाढवून बोट सापडत नाही. एक साधं गणित करून बघा. ट्रॉलर १० मैलांवर आहे, वेग १० नॉट. गस्ती नौका बंदरातून १५ नॉटने निघाली. ट्रॉलर सरळ बाहेर पळाला तर १२ मिनिटांत १२ मैलांची रेषा ओलांडतो. तेव्हा गस्ती नौका बंदरापासून फक्त ३ मैलांवर असते. हे मी पार्टनरला मांडून दाखवलं तर तो म्हणाला, "हे आमच्या आज्याला पण माहीत होतं, गणित न करता."

९ जानेवारी २०२५ पासून राज्याने किनाऱ्यावर ९ ठिकाणी ड्रोन सुरू केले. पालघरचं शिरगाव, उत्तन, गोराई, ससून डॉक, रेवदंडा, श्रीवर्धन, मिरकरवाडा, साखरी नाटे आणि देवगड. ड्रोनला बोट पकडायची नसते. तो वरून चित्रण करतो, बोटीचा नंबर टिपतो, आणि कारवाई बंदरात करता येते. पाठलागाचं गणितच सुटलं! ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरलाच एक लाख बोटींना उपग्रहाशी जोडलेले ट्रान्सपाँडर बसवण्याची केंद्राची योजनाही सुरू झाली. हे सगळं वाचून मी जाम एक्साइट झालो, फायनल इयरचा प्रोजेक्टसुद्धा मनात ठरवून टाकला.

पार्टनरने विचारलं, "तुझ्या ड्रोनला पाण्याखालच्या जाळ्याचा आस दिसतो का?" आस म्हणजे जाळ्याच्या भोकाचं माप. ते बारीक असलं की पिल्लंही येतात. नाही दिसत. आणि ११ सेंटिमीटरचं पापलेट बाजारात कोण विकत घेतं, तेही ड्रोनला दिसत नाही. माझ्याकडे बघून तो हसला.

मग मला आमचा डोह आठवला. आमचं घर मुरबाड तालुक्यात, काळू नदीच्या काठी. पहिल्या पावसात मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलटे चढतात, त्यांना वलगणीचे मासे म्हणतात. ते धरायला सगळा गाव लोटतो. अंडी भरलेले मासे लागतात गोड, त्यामुळे पुढचा हिशोब कोण करतो? पण मी आठवीत असताना उन्हाळ्यात जे झालं ते वलगणीपेक्षा वाईट होतं. विहिरीत टाकायची टीसीएल पावडर चुलतभावाने आणि त्याच्या मित्रांनी डोहात ओतली. क्लोरीनने माशांचे कल्ले जळतात, श्वास घेता येत नाही. अर्ध्या तासात वाम, मरळ, शिंगटी पोट वर करून तरंगायला लागले. टोपली धरून मीही पाण्यात होतो. खाली वळणावर बायका पाणी भरत होत्या. आजी एवढंच बोलली, "डोह मारलात रं पोरांनो." पुढच्या उन्हाळ्यात तिथे झिंगाही नव्हता.

पाण्यात विष घालून किंवा सुरुंग लावून मासे मारणं १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. सव्वाशे वर्षांहून जुना कायदा! काळूच्या काठावर तो कोणाला ठाऊक नव्हता, मलाही नाही. उलट वाडा तालुक्यात, तिळश्याच्या देवळापाशी वैतरणेत महसीर मासे निर्धास्त फिरतात. देवाचे मासे म्हणून त्यांना कोणी हात लावत नाही, तिथे गस्तही लागत नाही. पलाऊतही 'बुल' नावाची जुनी चाल आहे, गावचा प्रमुख ठराविक काळ प्रवाळाची जागा बंद करतो आणि लोक ऐकतात. नवा कायदा करताना त्यांनी याच चालीचा आधार घेतला.

या मे महिन्यात घरी गेलो तेव्हा डोहावर जाऊन बसलो. झिंगे परत आलेत, शिंगटी दिसली, वाम अजून नाही. चुलतभाऊ आता गावच्या नळयोजनेचं काम बघतो. टीसीएलच्या गोणी ठेवलेल्या खोलीची चावी त्याच्याकडेच असते.

"दादा, कोणी मागायला येतं का?"

"येतात ना, मे महिन्यात तर रोजच. मी वही पुढं करतो, नाव लिव, किती पायजे ते लिव, कशाला ते पण लिव आणि सही कर. सही बोललं का जातात परत."