चालता रक्तसाक्षी

शास्त्रपाठ : मार्क ६:१४-२९, योहान १:१९-२८, ३:२५-३०

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा पाठ शब्बाथ शाळेत शिकविताना बहुधा तबकातील शिराच्या चित्रावर आपण येऊन थांबतो. हेरोदाची मेजवानी, मुलीचे नाचणे, राजाची शपथ हे सर्व मुलांच्या ध्यानात राहते. योहान काय बोलला ते मात्र राहत नाही. म्हणून या महिन्याच्या पाठासाठी आम्ही त्याचा एक ब्राँझचा पुतळा निवडला आहे. पुतळ्याला नमन करण्यासाठी नव्हे. ती आज्ञा आपणांस ठाऊक आहे. परंतु बसालेलाला कारागिरीची बुद्धी देवानेच दिली (निर्गम ३१), आणि मंदिराची पितळी पात्रे हिरामाने यार्देनेच्या तळवटीतील चिकणमातीत ओतली (१ राजे ७:४६), हेही शास्त्रच सांगते.

आरोप आणि उत्तर

हा पुतळा फ्रेंच शिल्पकार ओग्युस्त रोदँ (१८४०-१९१७) याचा. १८७७ साली त्याने एका तरुणाचा पुतळा प्रदर्शनात मांडला. तो इतका हुबेहूब होता की, रोदँने जिवंत माणसाच्या अंगावरूनच साचा काढला, असा आरोप झाला. कारागिराला याहून मोठा कलंक कोणता? त्याने छायाचित्रे पुराव्यादाखल दिली, पण संशय लवकर फिटला नाही. मग त्याने आणखी एक उत्तर दिले, ते हातांनी. १८७८ साली त्याने योहानाचा पुतळा घडविण्यास घेतला आणि तो मुद्दाम माणसाहून मोठा, सुमारे २०० सेंटिमीटर उंचीचा केला. एवढ्या मापाचा साचा कोणाच्या अंगावरून निघणार? १८८० साली हा पुतळा प्लॅस्टरमध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात आला. त्याच वर्षी सरकारने तो पहिला, संशयित पुतळाही विकत घेतला.

योहानासाठी नमुना म्हणून उभा राहिला तो इटलीच्या अब्रुझी भागातला पिन्यातेल्ली नावाचा शेतकरी. असे काम त्याने पूर्वी कधी केले नव्हते. तो चौथऱ्यावर चढला आणि पाय फाकून घट्ट उभा राहिला. रोदँने त्याची ती ठेवण तशीच घेतली. म्हणून या योहानाची दोन्ही पावले जमिनीला टेकलेली आहेत, तरी तो चालत आहे असेच पाहणाऱ्याला वाटते. अंगावर उंटाच्या केसांचे वस्त्र नाही. तोंड उघडे आहे, उजवा हात उंचावलेला आहे. तो बोलत बोलत पुढे येत आहे.

ओतकामाची रीत

शिल्पकार प्रथम मातीत रूप घडवितो. ओली माती टिकत नाही, म्हणून तिच्यावरून प्लॅस्टरची प्रत काढतात. ओतशाळेत त्या प्रतीवरून साचा तयार होतो. त्या काळी फ्रान्समध्ये बारीक वाळू ठासून साचा करण्याची रीत फार चालत असे. साच्याच्या आत गाभा ठेवतात आणि दोहोंमधील फटीत तांबे व कथील यांचा तप्त रस ओततात. म्हणून असा पुतळा आतून पोकळ असतो. थंड झाल्यावर साचा फोडतात, भाग जोडतात, कानशीने घासतात आणि शेवटी रसायनांनी रंग चढवितात.

एका प्लॅस्टरवरून अनेक प्रती निघतात. योहानाची एक प्रत लोकांनी वर्गणी काढून १९०२ साली लंडनच्या संग्रहालयाला दिली. पॅरिस, न्यूयॉर्क, टोकियो येथेही प्रती आहेत. १९१६ साली रोदँने आपली सर्व शिल्पे फ्रेंच राष्ट्राला दिली. त्याच्या मृत्यूनंतरही त्याच्या प्लॅस्टरवरून प्रती ओतल्या गेल्या. माती गेली, घडविणारा गेला, रूप राहिले.

आपणांस बोध

‘रक्तसाक्षी’ या शब्दात ‘साक्षी’ हा शब्द आहे. योहानाने रक्त सांडले ते एका रात्री. साक्ष दिली ती दररोज, यार्देनेच्या काठी, जकातदारांना, शिपायांना आणि शेवटी राजालाही. मरण हा त्याच्या साक्षीचा शेवटचा शब्द होता, पहिला नव्हे. आपल्यापैकी थोड्यांवरच तसे मरण येईल. पण खरे बोलण्याचा प्रसंग याच आठवड्यात येईल, दुकानात, कचेरीत, भाऊबंदांच्या वाटणीत. तेथे गप्प बसणारा तुरुंगात बोलेल काय?

या पुतळ्याच्याच अभ्यासातून रोदँने आणखी एक शिल्प केले व १९०० साली लोकांपुढे मांडले : चालणारा माणूस, शिर नाही, हात नाहीत, तरी चालतो आहे. त्यात शिरच्छेद दाखविण्याचा त्याचा हेतू होता असे आम्ही म्हणत नाही. परंतु मार्क ६:१६ वाचताना ते शिल्प आम्हांस आठवते. ज्याने शिर उडविले तोच हेरोद पुढे येशूची कीर्ती ऐकून घाबरला. योहानच उठला असे त्याला वाटले. आणि योहानाने तर आधीच सांगून ठेवले होते की, आपण कमी व्हावे व प्रभूची वृद्धी व्हावी.

वर्गासाठी प्रश्न

१. योहानाने हेरोदाला कोणती गोष्ट स्पष्ट सांगितली?
२. खोट्या आरोपाला रोदँने आपल्या कामाने उत्तर दिले. १ पेत्र २:१२ याविषयी काय सांगते?
३. या आठवड्यात आपण कोठे गप्प बसलो?