काशीयात्रेतील मुक्काम : परिसर व खर्च यांचा विचार

काशीयात्रेचा संकल्प करून जे भाविक न्यासाच्या कार्यालयात चौकशीस येतात, त्यांचा पहिला प्रश्न रेल्वेच्या आरक्षणाविषयी असतो आणि दुसरा मुक्कामाविषयी. पहिल्या प्रश्नाचे उत्तर वेळापत्रकात सापडते. दुसऱ्याचे उत्तर मात्र प्रत्येक कुटुंबागणिक निराळे असते. ‘स्वस्त, स्वच्छ आणि मंदिराजवळची जागा सांगा’ अशी विचारणा बहुतेक जण करतात; परंतु काशीसारख्या विस्तीर्ण व प्राचीन नगरात हे तिन्ही गुण एकाच जागी मिळणे कठीण असते. यांपैकी कोणता गुण आपल्याला अधिक आवश्यक आहे, हे घरातून निघण्यापूर्वीच ठरवावे लागते. त्यासाठी उपयोगी पडेल अशी माहिती या लेखात एकत्र केली आहे. कोणत्याही विशिष्ट हॉटेलाचे वा धर्मशाळेचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही. कारण व्यवस्थापन बदलते, दर बदलतात, परंतु परिसराचे गुणदोष सहसा बदलत नाहीत.

महाराष्ट्राचा काशीशी असलेला ऋणानुबंध फार जुना आहे. शिवछत्रपतींच्या १६७४ मधील राज्याभिषेकाचे पौरोहित्य करणारे गागाभट्ट काशीचेच. श्रीविश्वनाथाचे आजचे मंदिर पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांनी इ. स. १७८० मध्ये उभारले. अहिल्याबाई घाट, शिंदे घाट, भोसले घाट ही नावे आजही गंगातीरी उच्चारली जातात. तथापि आपल्या पूर्वजांची काशीयात्रा महिनोन्महिने चाले आणि आजची यात्रा तीन-चार दिवसांत आटोपते. वेळ थोडा असल्यामुळेच मुक्कामाची जागा अचूक निवडणे अगत्याचे झाले आहे.

क्षेत्राची रचना

काशीत गंगा उत्तरवाहिनी असून वस्ती तिच्या पश्चिम तीरावर आहे. दक्षिणेस अस्सी घाटापासून उत्तरेस राजघाटापर्यंत सहा-सात किलोमीटरच्या अंतरात घाटांची सलग रांग आहे. श्रीविश्वनाथाचे मंदिर साधारणपणे या रांगेच्या मध्यभागी, घाटापासून जवळच आहे. ‘कॅन्ट’ या नावाने ओळखले जाणारे वाराणसी जंक्शन हे मुख्य रेल्वे स्थानक तेथून सुमारे चार-पाच किलोमीटर पश्चिमेस आहे. पूर्वीच्या मंडुवाडीह स्थानकाचे नाव २०२१ पासून ‘बनारस’ असे झाले आहे. पूर्वीचे मुगलसराय, म्हणजे २०१८ पासूनचे पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन, हे गंगेपलीकडे आहे. तेथे उतरणाऱ्यांनी शहरात येण्यास एक तास किंवा अधिक वेळ धरावा. बाबतपूरचा विमानतळ शहरापासून सुमारे पंचवीस किलोमीटर अंतरावर आहे. आपले तिकीट नेमके कोणत्या स्थानकाचे आहे, हे पाहूनच मुक्कामाचा परिसर ठरवावा.

या नगराचे एक वैशिष्ट्य प्रथमच ध्यानी घ्यावे. घाटालगतच्या जुन्या वस्तीत मोटार शिरत नाही. ज्या ठिकाणी रिक्षा थांबते, तेथून पुढील मार्ग अरुंद गल्ल्यांतून पायी आक्रमावा लागतो. त्यात सामान, गर्दी, दुचाक्या आणि गोधन यांची भर पडते. ‘मंदिरापासून अर्धा किलोमीटर’ असे जाहिरातीत लिहिलेले असते, तेव्हा ते अर्धा किलोमीटर सपाट रस्त्याचे आहे की पायऱ्यांचे, हे त्यात लिहिलेले नसते. आमच्या मते काशीतील मुक्कामाची निवड एकाच कसोटीवर करावी : आपल्या समूहात सर्वांत कमी चालू शकणारी व्यक्ती कोण, आणि तिला त्या जागेपासून गंगा व मंदिर किती सुलभ आहे? तरुण मंडळी कोठेही राहिली तरी त्यांचे दर्शन चुकत नाही. ज्या आजीसाठी यात्रा योजिली, तिचेच स्नान वा दर्शन जागेच्या गैरसोयीमुळे राहून गेले, तर वाचविलेले पैसे कशाच्याही उपयोगाचे नाहीत.

परिसरांचा परिचय

गोदौलिया व दशाश्वमेध : हा नगराचा मध्यवर्ती भाग होय. दशाश्वमेध घाट, तेथील सायंकाळची गंगा आरती, श्रीविश्वनाथ, अन्नपूर्णा व विशालाक्षी ही स्थाने येथून पायी गाठता येतात. पहाटे तीन वाजता होणाऱ्या मंगला आरतीस जाऊ इच्छिणाऱ्यांना यासारखी सोयीची जागा नाही. अर्थात त्या आरतीची नोंदणी आधी करावी लागते. दोष म्हणजे अहोरात्र गर्दी व गोंगाट, लहान खोल्या आणि सोयींच्या मानाने अधिक भाडे. मुख्य रस्त्यालगतची जागा मिळाल्यास वृद्धांना ती उत्तम. आतील गल्लीतील असल्यास चौकशी करूनच घ्यावी.

चौक, मैदागिन व पंचगंगा घाट : मंदिराच्या उत्तरेकडील हा जुना भाग आहे. काळभैरव, बिंदुमाधव व पंचगंगा घाट येथून जवळ पडतात. दुर्गाघाट व ब्रह्माघाट या भागांत महाराष्ट्रीय कुटुंबांची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती असून, आपल्याकडील अनेक घराण्यांचे तीर्थोपाध्याय याच बाजूस आढळतात. श्राद्धादी विधी करावयाचे असल्यास आपल्या उपाध्यायांना प्रथम पत्र वा दूरध्वनी करावा, विधी कोणत्या घाटावर होणार ते विचारावे आणि मगच जागा ठरवावी. येथील घरे जुनी, जिने उभे व घाटाच्या पायऱ्या पुष्कळ आहेत. मणिकर्णिकेच्या आसपास अंत्ययात्रा रात्रंदिवस जात असतात. कित्येक भाविकांना त्यातूनच काशीचा अर्थ उमगतो. परंतु लहान मुले बरोबर असल्यास याचा विचार आधी करावा.

सोनारपुरा व केदार घाट : दशाश्वमेध आणि अस्सी यांच्या मधला हा भाग. दाक्षिणात्य व बंगाली यात्रेकरूंचा येथे विशेष राबता असल्याने साधी भोजनालये व मठ-धर्मशाळा आढळतात. केदारेश्वराचे मंदिर घाटावरच आहे. मध्यम खर्चात गंगेचा सहवास हवा असणाऱ्यांनी या भागाची चौकशी अवश्य करावी. मुख्य रस्ता घाटापासून फार दूर नाही, ही आणखी एक सोय.

अस्सी व लंका : दक्षिण टोकाचा हा परिसर तुलनेने मोकळा व शांत आहे. संकटमोचन, दुर्गाकुंड, तुलसी मानस मंदिर आणि काशी हिंदू विश्वविद्यालयातील विश्वनाथ मंदिर येथून जवळ आहेत. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे जन्मस्थान म्हणून दाखविले जाणारे भदैनी येथील स्मारकही याच बाजूस आहे. अस्सी घाटावर २०१४ पासून ‘सुबह-ए-बनारस’ हा पहाटेचा कार्यक्रम होतो. येथून श्रीविश्वनाथास जाण्यास रिक्षाने अथवा नावेने जावे लागते. चार दिवसांहून अधिक राहणाऱ्यांना हा परिसर मानवतो.

लक्सा, रथयात्रा व सिगरा : स्थानक व गोदौलिया यांच्या मधला हा व्यापारी भाग. गाडी दारापर्यंत येते, खोल्या मोठ्या असतात, उद्वाहन म्हणजे लिफ्ट असण्याचा संभव अधिक. लक्सा येथून गोदौलिया फार लांब नाही. ज्यांना जिने चढवत नाहीत, परंतु रिक्षात बसणे जमते, अशा वृद्धांसह येणाऱ्या कुटुंबांना ही सुवर्णमध्याची जागा म्हणता येईल.

कॅन्ट स्थानक, परेड कोठी व छावणी : स्थानकासमोरील परेड कोठी भागात अल्प दरातील पुष्कळ लॉज आहेत. पहाटेच्या गाडीने पुढे जाणाऱ्यांना, तसेच प्रयाग व गया यांसह त्रिस्थळी यात्रा करणाऱ्यांना शेवटच्या रात्रीसाठी ही जागा सोयीची. स्थानकावरील रेल्वेच्या विश्रांतिकक्षात निश्चित तिकीट असलेल्या प्रवाशास खोली मिळू शकते; तिचे आरक्षण आधी करावे. छावणी भागात मोठी व महाग हॉटेले असून तेथे शांतता मिळते. सारनाथही याच बाजूने सोयीचे पडते. मात्र येथे राहून गंगास्नान नित्य घडणे अवघड, हे जाणून असावे.

खर्चाचा हिशोब

केवळ खोलीच्या भाड्याची तुलना करणे पुरेसे नाही. एक उदाहरण घेऊ. यातील आकडे हिशोबाची रीत समजावी म्हणून कल्पिलेले आहेत. पती, पत्नी व वृद्ध आई असे तिघे तीन रात्री राहणार आहेत. स्थानकाजवळ खोली दिवसाला १,००० रुपयांस मिळते, गोदौलियाजवळ १,५०० रुपयांस. तीन दिवसांत वरवर १,५०० रुपये वाचतात. परंतु सकाळी स्नान-दर्शनास आणि सायंकाळी आरतीस असे दिवसातून दोनदा जाणे-येणे झाले, तर चार फेऱ्या होतात. एका फेरीस रिक्षाचे १०० रुपये धरले, तरी दिवसाचे ४०० आणि तीन दिवसांचे १,२०० रुपये होतात. प्रत्यक्ष बचत उरते ३०० रुपयांची. आणि तीसाठी आईला दररोज सोळा-सतरा किलोमीटरची धावपळ घडते. दुसऱ्या दिवशी ती ‘तुम्ही जा, मी खोलीवरच बसते’ असे म्हणाली, तर दोष तिचा नव्हे.

हाच हिशोब एकट्या तरुण यात्रेकरूने मांडल्यास उत्तर उलट येते. तो सहप्रवाशांसमवेत ई-रिक्षाने फेरीस २० रुपयांत गेला, तर तीन दिवसांचे २४० रुपये होतात आणि १,२६० रुपये वाचतात. त्याने स्थानकाजवळ अवश्य राहावे.

भाड्याबरोबर कराचाही विचार करावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या हॉटेलच्या खोलीवर वस्तू व सेवा कर ५ टक्के आणि त्याहून अधिक भाड्यावर १८ टक्के आहे. सांगितलेला दर करासह आहे की कराविना, हे विचारून घ्यावे व पावती घ्यावी.

आरक्षणापूर्वी विचारावयाचे प्रश्न

१. रिक्षा दारापर्यंत येते काय? न आल्यास किती चालावे लागते, आणि मार्गात पायऱ्या किती?
२. खोली कितव्या मजल्यावर आहे? लिफ्ट आहे काय?
३. शौचालय खोलीस जोडलेले आहे काय? कमोड आहे काय?
४. हिवाळ्यात गरम पाणी आणि उन्हाळ्यात वीज गेल्यास पर्यायी व्यवस्था आहे काय?
५. दिवस चोवीस तासांचा धरतात की दुपारी बारा वाजता खोली सोडावी लागते? पहाटे पोहोचणाऱ्यास यामुळे एका दिवसाचे भाडे अधिक पडू शकते.
६. खोली सोडल्यावर सायंकाळपर्यंत सामान ठेवता येते काय?
७. धर्मशाळा असल्यास मुक्कामाची मर्यादा किती दिवसांची, आणि रात्री दरवाजा किती वाजता बंद होतो? मंगला आरतीस जाणाऱ्यांनी हा प्रश्न विसरू नये.

प्रत्येक व्यक्तीचे मूळ ओळखपत्र जवळ असावे. श्रीविश्वनाथ मंदिरात भ्रमणध्वनी नेण्यास मनाई आहे. तो खोलीतच ठेवता आला तर उत्तम, अन्यथा मंदिराबाहेरील लॉकरचा उपयोग करावा. स्थानकावर उतरताच ‘तुमचे हॉटेल बंद झाले आहे’ किंवा ‘तेथे जागा उरलेली नाही’ असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये. आपल्या निवासस्थानी दूरध्वनी करून स्वतः खात्री करावी.

काळ व गर्दी

महाशिवरात्र, श्रावणातील सोमवार आणि कार्तिकी पौर्णिमेची देवदीपावली या वेळी खोल्या दुर्मीळ व महाग होतात. प्रयागला कुंभ असेल, तर त्याचा भार काशीवरही पडतो. २०२५ च्या महाकुंभात याचा अनुभव सर्वांना आला. पावसाळ्यात गंगेला पूर येऊन घाटांच्या पायऱ्या पाण्याखाली जातात, एका घाटावरून दुसऱ्या घाटावर चालत जाता येत नाही आणि नावाही बंद ठेवल्या जातात. त्या काळात ‘गंगेकाठची खोली’ म्हणून अधिक भाडे देण्यात अर्थ नाही. पौष-माघातील धुक्याने गाड्यांना कित्येक तासांचा उशीर होतो. म्हणून पुढील गाडीचे आरक्षण करताना एक दिवस मोकळा ठेवावा.

श्रीविश्वनाथ धामाचे लोकार्पण १३ डिसेंबर २०२१ रोजी झाल्यापासून ललिता घाटावरून थेट मंदिर परिसरात जाता येते. ज्यांना गल्ल्यांतील गर्दी सोसवत नाही, त्यांनी नावेने या बाजूस येण्याचा पर्याय आपल्या निवासस्थानी विचारून पाहावा.

सारांश

स्नान व दर्शन हाच हेतू असून दिवस दोन-तीन असतील, तर गोदौलियाच्या मुख्य रस्त्यालगत. श्राद्धविधी असतील, तर उपाध्यायांच्या सल्ल्याने मैदागिन-पंचगंगेच्या बाजूस. वृद्ध बरोबर असून जिने चढणे अशक्य असेल, तर लक्सा-रथयात्रा भागात. निवांत राहावयाचे असेल, तर अस्सी वा केदार घाटाजवळ. आणि केवळ रात्र काढून पुढे जावयाचे असेल, तर स्थानकाजवळ मुक्काम करावा. चार-पाच दिवसांच्या यात्रेत दोन ठिकाणी राहण्यासही हरकत नाही.

निवड करण्यापूर्वी घरातील ज्येष्ठांना जवळ बसवून ‘आपल्याला किती चालवेल, किती पायऱ्या उतरवतील?’ असे मोकळेपणाने विचारावे. पुष्कळदा मुलांना त्रास नको म्हणून ते स्वतःहून काही सांगत नाहीत. त्यांच्या उत्तरावरून जागा ठरविली, म्हणजे बाकीच्यांची सोय आपोआप होते.

सर्व यात्रेकरूंची काशीयात्रा सुखरूप व सुफळ संपूर्ण होवो, हीच श्रीचरणी प्रार्थना.