पाटीवरचा आकडा आणि यंत्राचे आयुष्य



प्रत्येक मोटरवर धातूची एक पाटी असते. तिच्यावर यंत्राची पूर्ण क्षमता लिहिलेली असते. पण हा आकडा अटींवर दिलेला असतो. सर्वसाधारण मोटरसाठी भोवतालचे तापमान ४० अंश सेल्सिअसपर्यंत धरतात. आपल्या ग्वाल्हेरात मे महिन्यात पारा अनेकदा ४५ अंशांवर जातो. तेव्हा त्याच मोटरवर भार कमी ठेवावा लागतो. यालाच 'डीरेटिंग' म्हणतात.

असे का? तारेतील उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह ८० टक्के ठेवला, तर ०.८ × ०.८ = ०.६४, म्हणजे उष्णता ६४ टक्केच. ढोबळ नियम असा, की मर्यादेपेक्षा तापमान १० अंशांनी वाढले की तारेवरील इन्सुलेशनचे आयुष्य निम्मे होते.

मात्र फार कमी भारही बरा नव्हे. डिझेल जनरेटर सतत ३० टक्क्यांखाली चालवला, तर इंजिन पुरेसे तापत नाही आणि न जळलेले इंधन व काजळी साचते.

म्हणून स्नेहसंमेलनासाठी जनरेटर घेताना आम्ही आधी सर्व वॅटची बेरीज करतो, मग थोडे मोठे यंत्र निवडतो. मंडपात मुले बसलेली असतात. तेथे काटकसर नको, हे विश्वस्त मंडळासही आमचे सांगणे आहे.

पालकांनीही लक्षात ठेवावे: ६ अँपिअरचे सॉकेट म्हणजे २३० × ६ = १३८० वॅट. त्यावर २००० वॅटचा हीटर लावू नये.

गृहपाठ: घरातील पाच उपकरणांच्या पाट्या वाचा व वॅटची बेरीज करून आणा.