प्रशिक्षण झालं, पण आत्मविश्वास आला का?

प्रश्न : आमच्या वॉर्डातल्या परिचारिकांना रुग्णाशी आपुलकीनं बोलणं, तसंच संथ श्वसन, संगीत, हलका मसाज अशा वेदना कमी करण्याच्या औषधाविना उपायांचं प्रशिक्षण दिलं. त्यांचा आत्मविश्वास वाढला का, हे कसं मोजावं?
– एक सिस्टर इन्चार्ज, सातारा

उत्तर : ‘आत्मविश्वास वाटतो का?’ असं मोघम विचारलंत, तर सगळ्याच ‘हो’ म्हणतील. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेली स्व-क्षमतेची, म्हणजे ठरावीक काम आपल्याला जमेल या खात्रीची, कल्पना इथे कामी येते. प्रश्न नेमक्या कृतीचा हवा. उदाहरणार्थ, ‘रात्रपाळीत वॉर्ड भरलेला असताना, कण्हणाऱ्या आजींजवळ बसून त्यांचा श्वास संथ व्हायला मी मदत करू शकेन.’ खात्री ० ते १०० पैकी किती?

असे दहा-बारा प्रश्न प्रशिक्षणाआधी, लगेच नंतर आणि तीन महिन्यांनी विचारा. नावाऐवजी सांकेतिक क्रमांक द्या, म्हणजे उत्तरं मोकळी येतील. आकडा घसरला तरी घाबरू नका. शिकल्यावरच आपलं अपुरेपण कळतं. मात्र आत्मविश्वास म्हणजे कौशल्य नव्हे. प्रत्यक्ष काम पाहा, रुग्णांनाही विचारा. हे उपाय वेदनाशामकांच्या जोडीला आहेत, त्यांच्या जागी नाहीत, हेही तपासा.

कमी गुण आलेल्या सिस्टरला बोल लावू नका. तिला अनुभवी सिस्टरची सोबत द्या.